परांड्याची गादी : राजधानी गमावलेल्या निजामशाहीची सात वर्षे

राजधानी पडली की राज्य संपले, ही समजूत दख्खनच्या इतिहासलेखनात इतकी खोल रुजली आहे की ऑगस्ट १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती गेल्यानंतरची निजामशाही बहुतेक ग्रंथांत दोनचार पानांत आटोपली जाते आणि वाचक थेट शहाजीराजांपर्यंत, तेथून शिवकालापर्यंत येऊन पोहोचतो. वस्तुस्थिती अशी की राजधानी, खजिना आणि गादीवरचा बालराजा हे तिन्ही एकाच वेळी गमावलेले हे राज्य त्यानंतर आणखी छत्तीस वर्षे टिकले. त्याच्या नावाने महसूल गोळा होत राहिला, त्याच्या नावाने लढाया झाल्या, आणि ते पुरते मिटवण्यासाठी अकबर, जहांगीर व शाहजहान या तीन बादशहांना दख्खनमध्ये सैन्य धाडत राहावे लागले. या पुनर्जीवनाची सुरुवात जेथे झाली ते ठिकाण म्हणजे आजच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला असलेले परांडा होय. १६०० पासून १६०७ मध्ये दरबार जुन्नरला जाईपर्यंतच्या वर्षांत निजामशाहीची गादी मुख्यतः या भुईकोटाच्या आश्रयाने राहिली, आणि राजधानीवाचून राज्य कसे चालवावे याचा जो वस्तुपाठ येथे घडला तोच पुढे मराठ्यांच्या उपयोगी पडला, हे या पुस्तकाचे प्रतिपाद्य आहे.

अहमदनगर का पडले, हे समजल्याशिवाय परांडा का उभे राहिले हे समजत नाही. मलिक अहमदने १४९० मध्ये बहमनी सत्तेपासून वेगळे होऊन स्थापन केलेले हे राज्य शंभर वर्षांनंतर बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या दुफळीने अधिक पोखरले होते. दरबारात एका बाजूला दख्खनी, म्हणजे याच भूमीत पिढ्यान्‌पिढ्या रुजलेले सरदार, दुसऱ्या बाजूला हबशी, म्हणजे आफ्रिकेतून, मुख्यतः इथिओपियातून, गुलाम म्हणून आणले गेलेले व पुढे स्वतःच्या कर्तृत्वावर सेनानी झालेले लोक, असे गट होते. आणि १५९५ मध्ये गादी रिकामी झाली तेव्हा प्रत्येक गटाने आपापला वारस पुढे केला. त्यांतल्याच एका गटाने मदतीसाठी अकबराचा पुत्र मुराद याला बोलावले आणि मोगल फौजा प्रथमच अहमदनगरच्या तटाला भिडल्या. विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची विधवा आणि निजामशाही घराण्याची कन्या चांदबिबी हिने त्या वेढ्यात किल्ला राखला. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला आणि बहादूर निजामशहा या बालकाची गादी तात्पुरती सुरक्षित झाली. चांदबिबीचे हे शौर्य मराठी वाचकाला परिचित आहे. तिच्या अखेरच्या दिवसांतील राजकारण मात्र फारसे परिचित नाही, आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे आहे.

१६०० मध्ये शाहजादा दानियाल आणि खानखानान अब्दुर्रहीम यांनी पुन्हा वेढा घातला तेव्हा किल्ला फार काळ टिकणार नाही हे चांदबिबीने ओळखले होते. समकालीन इतिहासकार फिरिश्ता याच्या वृत्तांतानुसार तिने असा विचार मांडला की अटी ठरवून किल्ला मोगलांना द्यावा, बालराजाला घेऊन सर्वांनी जुन्नरला जावे आणि तेथून राज्य पुढे चालवावे. किल्ला आणि राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पहिली सोडून दुसरी वाचवता येते, हे त्या विचाराचे सार होते. परंतु वेढ्यात अडकलेल्या आणि परस्परांवर विश्वास न उरलेल्या सैनिकांना त्यात फितुरीच दिसली. बाई मोगलांना मिळाल्या अशी हाकाटी झाली आणि चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. त्यानंतर लवकरच तट सुरुंगाने उडाला, मोगल आत शिरले, आणि बहादूर निजामशहाची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात झाली, जेथून तो परत आला नाही. चांदबिबीचा विचार तिच्याबरोबर संपला असता, तर निजामशाहीचा इतिहासही तेथेच संपला असता. तो विचार ज्यांनी उचलला त्यांनी ज्या किल्ल्याची निवड केली तो परांडा होय.

मोगलांच्या हाती अहमदनगरचे शहर आणि किल्ला पडला, पण राज्याचा मुलूख पडला नाही. दूरचे परगणे, म्हणजे महसुलासाठी एकत्र बांधलेले गावांचे समूह, आणि डोंगरी तसेच भुईकोट किल्ले अजून निजामशाही सरदारांकडे होते. या सरदारांनी पहिल्या बुऱ्हाण निजामशहाचा पुत्र शहा अली, जो विजापूरच्या आश्रयास राहिला होता, त्याचा तरुण मुलगा अली याला पुढे आणले, मुर्तजा निजामशहा (दुसरा) या नावाने त्याची राजा म्हणून द्वाही फिरवली, आणि परांडा ही काही काळासाठी राजधानी ठरली. त्या काळच्या राज्यपद्धतीत सत्तेच्या दोन खुणा मानल्या जात : शुक्रवारच्या नमाजात कोणाच्या नावाने खुतबा वाचला जातो आणि नाण्यावर कोणाचे नाव उमटते. या दोन्हींसाठी राजा लागतो, त्याचे रक्त लागते. शहर अमुकच असले पाहिजे असे नाही. म्हणूनच हाती सैन्य असलेल्या सरदारांनाही, ज्यांना स्वतःच सत्ता बळकावणे अशक्य नव्हते, निजामशाही वंशातील एक तरुण शोधून आणावा लागला.

परांड्याची निवड भूगोलाने केली असे म्हणता येईल. अहमदनगरच्या आग्नेयेस सुमारे सव्वाशे किलोमीटरवर, सीना नदीच्या खोऱ्यात, बालाघाटच्या डोंगररांगा जेथे भीमेच्या मैदानाकडे उतरत येतात तेथे हे गाव वसले आहे. मोगलांचा दख्खनमधील मुख्य तळ बुऱ्हाणपूरला, तापीच्या काठी होता. तेथून निघालेल्या फौजेला गोदावरी ओलांडून, बालाघाटचा कोरडवाहू प्रदेश तुडवत येथपर्यंत यावे लागे, आणि त्या लांबीत तिची रसद तोडण्यास भरपूर वाव मिळे. दक्षिणेकडे आदिलशाही सरहद्द जवळ होती, आणि विजापूरशी निजामशाहीचे वैर जुने असले तरी मोगल दाराशी आल्यावर हाच शेजारी आडोसा ठरण्याची शक्यता होती. किल्लाही साधा नव्हता. बहमनी काळात, परंपरेनुसार महमूद गवानच्या कारकिर्दीत, बांधलेला हा भुईकोट, म्हणजे डोंगराचा आधार नसलेला, सपाट जमिनीवरचा किल्ला, रुंद खंदक, दुहेरी तटबंदी आणि मोठ्या तोफांसाठी रचलेले बुरूज यांच्या बळावर उभा होता. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या ओतकाराने ओतलेली आणि आज विजापूरच्या बुरुजावर दिसणारी मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ अनेक वर्षे परांड्याच्या तटावर होती, यावरूनच निजामशाही या किल्ल्याला किती महत्त्व देत होती हे लक्षात येते. पुढे १६३० मध्ये आणि पुन्हा १६३४ मध्ये, दुसऱ्या वेळी तर शाहजादा शुजा आणि महाबतखान यांच्या नेतृत्वाखाली, मोगलांनी परांड्याला वेढे घातले आणि दोन्ही वेळा ते उठवून त्यांना परत जावे लागले.

येथे धाराशिव जिल्ह्याच्या घडणीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण आजचा जिल्हा एकसंध दिसत असला तरी त्या काळी दोन राज्यांची सरहद्द त्याच्या अंगावरून जात होती. पश्चिमेचे परांडा निजामशाहीचे, तर आग्नेयेचे नळदुर्ग आदिलशाहीचे. या दोन किल्ल्यांच्या मधल्या पट्ट्यासाठी दोन्ही राज्ये पिढ्यान्‌पिढ्या भांडत आली होती. नळदुर्गात बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या भिंतीत पाणीमहाल उभारण्याचे काम दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या काळात १६१३ मध्ये पुरे झाले. अवघ्या काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला शेजारचा राजा आपली गादी वाचवण्यासाठी धडपडत होता आणि इकडे विजापूरचा सुलतान पाण्यात महाल बांधण्याइतका निश्चिंत होता, हा विरोध विलक्षण आहे. पण त्यातच परांड्याच्या टिकून राहण्याचे एक कारण दडलेले आहे. उत्तरेची निजामशाही उभी असेपर्यंत मोगल नळदुर्गापर्यंत सहज पोहोचणार नाहीत, हे इब्राहीम आदिलशहाला उमगले होते आणि पुढील काळात त्याने निजामशाहीला केलेली मदत या जाणिवेतूनच आलेली होती.

परांड्याच्या या सात वर्षांत राजाच्या नावामागे जो माणूस उभा होता तो मलिक अंबर. त्याचा जन्म इथिओपियात १५४८ च्या सुमारास झाला. गुलाम म्हणून हातोहात विकला जात तो बगदादमार्गे दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतःही हबशी होता, त्याच्या सेवेत राज्यकारभार शिकला. (निजामशाहीत पेशवा हे मुख्य प्रधानाचे पद होते, मराठेशाहीने हे नाव पुढे याच परंपरेतून घेतले.) धन्याच्या मृत्यूनंतर काही वर्षे त्याने विजापूरकडे चाकरी केली आणि १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला तेव्हा त्याच्या पदरी अवघे दीडशे स्वार होते. पाच वर्षांनी तोच राजाचा पालनकर्ता झाला, त्याने आपली मुलगी मुर्तजाला दिली आणि राज्याची सूत्रे हाती घेतली. त्याच्यासमोर मोगलांइतकाच मोठा दुसरा प्रश्न राजू दख्खनीचा होता. दौलताबादच्या बाजूचा मुलूख बळकावून बसलेला हा सरदारही मुर्तजालाच राजा मानत असे. अशा रीतीने अहमदनगरपासून काही कोसांच्या अंतरावर येऊन थांबणारी दोन स्वतंत्र सत्ताक्षेत्रे तयार झाली, दोघेही एकाच राजाचे नाव घेत, आणि त्या राजाकडे स्वतःच्या निर्वाहापुरता औशाचा किल्ला व थोडी गावे एवढेच उरले.

मुर्तजा निजामशहाला बहुतेक लेखकांनी बाहुले म्हणून निकालात काढले आहे. ते न्याय्य नाही. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानचा पुत्र मिर्झा इरज याच्याशी झालेल्या लढाईत मलिक अंबर जखमी होऊन पडला, त्याच्या माणसांनी त्याला कसेबसे रणातून बाहेर काढले, आणि पुढे त्याने खानखानानशी सरहद्दी ठरवून तह केला. तेव्हा अंबरवर नाराज असलेले काही सरदार औशाला राजाभोवती जमले आणि राजाने त्यांना साथ दिली. अंबरने त्यांचा पराभव केला, राजाशी समेट केला आणि त्याला घेऊन तो परांड्याला आला. येथे आणखी एक अडथळा निघाला. परांड्याच्या जुन्या किल्लेदाराला मोगलांशी तह करणारा अंबर राजनिष्ठ वाटत नव्हता आणि त्याने अंबरसाठी दरवाजे उघडण्यास नकार दिला. राजा त्या किल्लेदाराशी संधान बांधील या शंकेने अंबरने राजालाच नजरकैदेत ठेवले आणि आपल्याच राज्याच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्लेदार अखेर विजापूरकडे निघून गेला, तेव्हा कोठे राजा परांड्यात राहू लागला आणि अंबरचा तळ किल्ल्याबाहेर पडला. पुढे याच परांड्यात राजाने राजू दख्खनीशी गुप्तपणे बोलणी करून अंबरपासून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला. राजू फौजेसह आला, आणि त्याला परतवण्यासाठी अंबरने चक्क खानखानानकडून कुमक मागवली. ज्या शत्रूपासून गादी वाचवायची त्याच शत्रूची फौज गादीच्या दुसऱ्या सेवकाविरुद्ध वापरण्याची ही वेळ होती. या सर्व घडामोडींतून दिसणारा मुर्तजा हा निष्क्रिय नव्हता. तो दोन संरक्षकांच्या कचाट्यात सापडलेला, पुन्हापुन्हा हात-पाय हलवून पाहणारा आणि प्रत्येक वेळी हरलेला राजा होता.

परागंदा राजसत्तेच्या या अवस्थेचे मोल जाणण्यासाठी विसाव्या शतकातील एका उदाहरणाकडे पाहणे उपयुक्त ठरते. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनीने नॉर्वेवर आक्रमण केले तेव्हा राजा सातवा हाकोन, त्याचे मंत्रिमंडळ आणि तेथील संसद यांनी त्याच दिवशी राजधानी ऑस्लो सोडली. एल्वेरुम या गावी संसदेने सरकारला परिस्थितीनुसार राज्य चालवण्याचे विशेष अधिकार दिले. आणि जर्मनांनी क्विस्लिंग या आपल्या हस्तकाला पंतप्रधान नेमण्याची मागणी केली तेव्हा, सरकारने ती मान्य केल्यास आपण गादी सोडू असे राजाने स्पष्ट सांगितले. दोन महिने देशातच लढा देत मागे सरकल्यावर ७ जूनला तो उत्तरेतील ट्रोम्सो येथून ब्रिटिश युद्धनौकेने निघाला आणि पुढील पाच वर्षे त्याचे सरकार लंडनमधून चालले. व्याप्त देशातील लोक भिंतींवर त्याचे राजचिन्ह रेखाटीत, त्याची भाषणे बीबीसीवरून चोरून ऐकत; आणि परदेशी बंदरांत असलेली सुमारे हजार नॉर्वेजियन व्यापारी जहाजे सरकारने ताब्यात घेऊन त्यांच्या उत्पन्नावर राज्याचा खर्च भागवला. देश सोडल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, ७ जून १९४५ रोजी, तो ऑस्लोला परतला. हा राजा जन्माने डेन्मार्कचा राजपुत्र होता आणि १९०५ मध्ये जनमताचा कौल घेऊन त्याला नॉर्वेच्या गादीवर बोलावले गेले होते, ही गोष्ट विजापूरच्या आश्रयातून आणलेल्या मुर्तजाच्या संदर्भात लक्षात ठेवण्याजोगी आहे.

दोन्ही प्रसंगांत साडेतीनशे वर्षांचे अंतर आहे, एकीकडे लोकशाही संविधान आहे आणि दुसरीकडे सरदारांची राज्यपद्धती, त्यामुळे साम्य ताणण्यात अर्थ नाही. तरी राजधानीबाहेरची सत्ता कशावर जगते याचे उत्तर दोन्हीकडे सारखेच मिळते : सर्वांना मान्य असे एक नाव, शत्रूच्या हाती न लागलेला महसूल, आणि तो महसूल वापरून लढत राहणारे लोक. नॉर्वेची जहाजे समुद्रावर होती. निजामशाहीचे परगणे बालाघाटात, जुन्नरच्या मावळपट्ट्यात आणि कोकणच्या वाटांवर होते. अंबरने पुढील काळात जमिनीची प्रतवारी आणि पिकाचे प्रत्यक्ष उत्पन्न पाहून साऱ्याची जी पद्धत बसवली, जी मराठी कागदपत्रांत मलिकंबरी धारा म्हणून ओळखली जाते, तिची गरज याच वर्षांनी निर्माण केली होती, कारण सतत लढाईखाली असलेल्या मुलखात रयत गाव सोडून गेली तर राजाच्या नावाला काहीच किंमत उरत नाही. फरक आहे तो राजाच्या स्वतःच्या अधिकारात. हाकोन नकार देऊ शकला आणि त्या नकाराभोवती देश उभा राहिला; मुर्तजाच्या नकाराला मात्र कोणी विचारले नाही. १६०७ मध्ये अंबरने राजूचा पराभव करून त्याला कैद केले, गादी जुन्नरला नेली, आणि १६१० मध्ये मुर्तजाचा मृत्यू झाला. डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोक, जो १६१७ मध्ये अंबरच्या छावणीत आला होता, त्याने नोंदवलेल्या हकिगतीनुसार राजवाड्यातील कलहातून राजावर विषप्रयोग झाला. गादी वाचली, गादीवरचा माणूस वाचला नाही. अंबरच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही किंमत झाकून ठेवणे योग्य होणार नाही, आणि या पुस्तकात ती झाकलेली नाही.

जुन्नर! चांदबिबीने ज्या गावाचे नाव घेतल्यामुळे प्राण गमावले त्याच गावी सात वर्षांनी निजामशाही दरबार भरला. तेथून तो दौलताबादकडे सरकला, जवळच अंबरने खडकी वसवली (आजचे छत्रपती संभाजीनगर), आणि जहांगीर आपल्या आठवणींत अंबरला शिव्याशाप देत राहिला; अबुल हसन या दरबारी चित्रकाराने तर अंबरच्या छिन्न मस्तकावर बादशहा बाण सोडत असल्याचे चित्र काढले, जे प्रत्यक्षात कधीच घडले नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजांचा अंबरने पराभव केला. त्या लढाईत शहाजीराजे निजामशाहीच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. १६२६ मध्ये अंबर वारला तेव्हा मोगल इतिहासकार मुतमदखानालाही त्याच्या योग्यतेची कबुली द्यावी लागली.

परांड्याचा खरा वारसा यानंतर दिसतो. जून १६३३ मध्ये दौलताबाद पडले, त्या वेळचा बालराजा हुसेन निजामशहा ग्वाल्हेरला गेला, आणि १६०० चीच परिस्थिती पुन्हा उद्भवली. शहाजीराजांनी तेच उत्तर दिले : निजामशाही वंशातील एका मुलाला मुर्तजा या नावाने पेमगडावर गादीवर बसवले, पुणे ते नाशिक-त्र्यंबकपर्यंतचा मुलूख त्याच्या नावाने राखला, आणि शाहजहानला स्वतः दख्खनमध्ये यावे लागेपर्यंत तीन वर्षे राज्य चालवले. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यात हा प्रयोग संपला. पण राजाचे नाव, डोंगरी किल्ले आणि विखुरलेले परगणे यांवर राज्य उभे राहू शकते, हे ज्या घराने स्वतः अनुभवले होते त्याच घरात शिवाजीमहाराज वाढले. १६७७ मध्ये त्यांनी दूर तमिळ प्रदेशातील जिंजी जिंकली आणि तिची तटबंदी भक्कम केली. आणि १६८९ मध्ये संभाजीमहाराजांच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला तेव्हा छत्रपती राजाराम रायगड सोडून प्रतापगड, पन्हाळा असे करत, वेष पालटून, केळदीची राणी चेन्नम्मा हिच्या मदतीने नोव्हेंबरमध्ये त्याच जिंजीला पोहोचले. रायगड पडला, येसूबाई व बाल शाहू कैद झाले, तरी राज्य संपले नाही. महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण यांनी कारभार सांभाळला, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांनी मोगल फौजांना उसंत मिळू दिली नाही, आणि मोगल सेनापती झुल्फिकारखानाचा जिंजीचा वेढा सुमारे आठ वर्षे रेंगाळला. १६९८ च्या आरंभी किल्ला त्याच्या हाती आला तेव्हा राजाराममहाराज तेथून निसटून महाराष्ट्रात आले होते. राजाराममहाराजांनी सरदारांना वतने आणि सरंजाम, म्हणजे सैन्य बाळगण्यासाठी तोडून दिलेला मुलूख, मोठ्या प्रमाणावर देऊ केले आणि त्यातून मराठेशाहीचे स्वरूप कायमचे बदलले. परांड्याच्या काळात अंबर आणि राजू यांच्यात वाटल्या गेलेल्या सत्तेचीच ही मोठी आवृत्ती म्हणता येईल. एक भेद मात्र निर्णायक आहे : राजारामांच्या आज्ञापत्रांवर राजारामांची इच्छा होती, मुर्तजाच्या नावाखाली अंबरची.

हाच भेद साधनांतही उतरलेला आहे आणि या पुस्तकाच्या मर्यादा तेथूनच सुरू होतात. जिंजीच्या वनवासाने स्वतःचे साहित्य निर्माण केले. केशव पंडिताने राजारामांच्या प्रवासावर संस्कृत काव्य रचले, आणि कृष्णाजी अनंत सभासद याने शिवचरित्राची आद्य बखर राजारामांच्या आज्ञेवरून १६९७ मध्ये जिंजीच्या काळातच लिहिली. परांड्याच्या दरबाराला असा लेखक लाभला नाही. निजामशाहीचा अधिकृत इतिहास म्हणता येईल असा सय्यद अली तबातबाई याचा बुऱ्हान-ए-मआसिर हा ग्रंथ १५९६ च्या आसपास थांबतो, म्हणजे परांड्याचा काळ सुरू होण्यापूर्वीच. पुढचे सारे साक्षीदार परके आहेत. फिरिश्ता तरुणपणी अहमदनगरला होता, पण त्याने ग्रंथ लिहिला तो विजापूरच्या आश्रयाने. रफीउद्दीन शिराझी हाही विजापूरचाच. अकबराच्या दरबारचा अबुल फजल १६०२ मध्ये मारला जाण्यापूर्वी काही काळ स्वतः दख्खनच्या मोहिमेवर होता, परंतु त्याच्या लेखी हे सर्व बंडखोर. आणि डच नोंदी व्यापाराच्या अंगाने आलेल्या. आश्रित राजाविषयी शेजाऱ्याने आणि शत्रूने जे लिहिले त्यातूनच त्याचे चरित्र उभे करावे लागते, हे काम कष्टाचे आहे, पण त्याला दुसरा मार्ग नाही.

किल्ल्याची वास्तू हे उरलेले साधन. तिचे वाचनही सोपे नाही, कारण परांड्यावर नंतर अनेक हात फिरले : १६३२ मध्ये तो आदिलशाहीकडे गेला आणि मुरार पंडिताने मलिक-ए-मैदान विजापूरला नेली, १६३६ च्या तहात शाहजहानने तो विजापूरच्या वाट्याला ठेवला, १६५७ च्या तहाने तो औरंगजेबाला देऊ केला गेला, तरी प्रत्यक्ष ताबा १६६० मध्ये मिळाला, आणि शेवटी तो हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आला. म्हणून येथील प्रत्येक भिंत मुर्तजाच्या काळची मानण्याचा मोह टाळला आहे आणि १६०७ नंतरची बांधणी जेथे उघड दिसते तेथे तसे नमूद केले आहे.

कालगणनेबाबत एक खुलासा येथेच केलेला बरा. फारसी ग्रंथ हिजरी वर्षे देतात. हिजरी १००९ हे वर्ष जुलै १६०० मध्ये सुरू होऊन १६०१ च्या मध्यापर्यंत चालते, त्यामुळे एकच घटना निरनिराळ्या पुस्तकांत एका वर्षाच्या फरकाने आढळते आणि वाचकाला ती चूक वाटते. या पुस्तकात महिना ठाऊक असेल तेथे इसवी सनाचा महिना दिला आहे, तो नसेल तेथे केवळ वर्ष. आणि फिरिश्ता व मोगल लेखक यांच्यात विरोध आला तर दोघांचे म्हणणे आधी मांडून मग त्यांतील एक स्वीकारले आहे. औशाचा प्रसंग, परांड्याच्या किल्लेदाराचा नकार आणि राजूशी झालेली गुप्त बोलणी या तीन ठिकाणी फिरिश्त्यावर अधिक भिस्त ठेवली आहे, कारण विजापूरला आश्रयास गेलेल्या लोकांकडून तेथल्या बातम्या त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट जवळची होती.